लेक पॉवेल, पातळी ३,५३० फूट

वाळवंटात बोटिंगला जायचं ठरलं की लोक आधी फोटो बघतात, मग बोटीचं भाडं, मग हॉटेल. माझा आग्रह असा की सगळ्यात आधी एक आकडा बघावा: आज पाणी समुद्रसपाटीपासून किती फुटांवर आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात ज्यांना आपण तळी म्हणतो ती बहुतेक सगळी धरणांचे जलाशय आहेत. वर रॉकी पर्वतात बर्फ किती पडलं आणि खाली शेतीला, शहरांना पाणी किती सोडलं, यावर त्यांचा काठ ठरतो. काठ मागे गेला की बोटी उतरवायचा रॅम्प कोरडा पडतो, मरीना, म्हणजे बोटी उभ्या करायचा तरंगता तळ, ओढून दुसरीकडे न्यावी लागते आणि गेल्या वर्षीचा जवळचा जलमार्ग यंदा खडक होऊन बसतो.

ही सहल २०२२ च्या ऑक्टोबरातली. शाळेला सुट्टी होती आणि आबा पहिल्यांदाच आमच्याकडे फिनिक्सला आले होते. आबा म्हणजे माझे वडील, इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचे. उजनी धरणाच्या फुगवट्यात जुनं गाव गेलं तेव्हा ते तिशीत होते. त्यांना ग्रँड कॅन्यन दाखवू, असं नवऱ्याच्या मनात होतं. आबा म्हणाले, "डोंगर बघू नंतर. ह्या वाळवंटात तुम्हाला पाणी कुठनं येतं ते दाखव की." मग तळं शोधायला बसलो.

पर्याय बरेच होते. घराला सगळ्यात जवळचं लेक प्लेझंट, पण तिथे सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं, त्याला सहल म्हणवत नाही. लेक मीड, म्हणजे १९३५ साली पूर्ण झालेल्या हूवर धरणाचा जलाशय, आकाराने भव्य. पण त्या वर्षी जुलैत त्याचं पाणी १,०४१ फुटांच्या आसपास उतरलं होतं. भरलेलं मीड १,२२९ फुटांवर असतं. बहुतेक रॅम्प बंद आणि जे चालू तिथे बोटींची लांबच लांब रांग. म्हातारा माणूस आणि दहा वर्षांची पोर घेऊन तिकडे जायचं नाही, हे लगेच ठरलं.

लेक हवासूचं पाणी वर्षभर जवळपास स्थिर. पार्कर धरणामागचं हे तळं ४५० फुटांच्या आसपास ठेवतात, कारण याच तळ्यातून पाणी उपसून ३३६ मैलांच्या कालव्याने फिनिक्स आणि टक्सनला नेतात. लंडनचा जुना पूल विकत घेऊन, त्याचे बाहेरचे दगड आणून १९७१ साली उभा केला तो इथेच. ज्यांना वेगाच्या बोटी आणि गजबज आवडते त्यांनी हवासूलाच जावं. आम्हाला शांतता हवी होती. उरले दोन: मोहावी आणि पॉवेल. डेव्हिस धरणामागचं लेक मोहावी मला मनापासून आवडतं. त्याची पातळी ६३० ते ६४७ फुटांमध्येच खेळते, त्यामुळे जाऊन फसगत होत नाही. नवखं कुटुंब असेल तर मी आजही आधी मोहावीच सुचवेन.

तरी आम्ही ॲरिझोना आणि यूटाच्या सीमेवरचं, कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणामागचं लेक पॉवेल निवडलं. पाणी ३,५३० फुटांवर, म्हणजे पूर्ण पातळीच्या १७० फूट खाली होतं. पण आमची स्वतःची बोट नव्हती, त्यामुळे रॅम्पची चिंता नव्हती. मरीनात पाण्यावर उभी असलेली बोट भाड्याने घ्यायची होती. धरणाजवळचं पेज गाव चार हजार फुटांहून उंच असल्याने ऑक्टोबरात दुपारचं ऊन सोसवतं. आणि धरण, नदी, जलाशय तिन्ही एका जागी दिसतात. आबांना हेच बघायचं होतं.

पहिला दिवस: फिनिक्स ते पेज

सकाळी सातला निघालो. पावणेतीनशे मैल, थांबत थांबत सहा तास. फ्लॅगस्टाफपर्यंत रस्ता चढतच जातो. निवडुंग संपून पाइनचं रान लागतं आणि पुढे उत्तरेला उतरलं की परत सगळं उघडंबोडकं. कॅमेरॉनला चहा घेतला. तिथून पुढे नावाहो या मूळ रहिवासी जमातीचा मुलूख, नावाहो नेशन. एक सूचना: या भागात फोनवरच्या घड्याळावर विसंबू नका. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण नावाहो नेशन आणि पलीकडचं यूटा करतात. फोनला पलीकडचा टॉवर मिळाला की तो एक तास पुढे जातो. पेज आणि तळ्यावरची वाहवीप मरीना ॲरिझोनाच्या वेळेवर चालतात, म्हणून मनगटी घड्याळ बरं.

खोलीवर सामान टाकायच्या आधी धरणावर गेलो. ग्लेन कॅन्यन धरण ७१० फूट उंच, कमानीसारखं वळलेलं, दोन्ही बाजूंच्या लालसर वालुकाश्मात रुतून बसलेलं. १९६३ साली दरवाजे बंद करून पाणी अडवायला लागले आणि तळं पहिल्यांदा काठोकाठ भरलं ते १९८० च्या जूनमध्ये. आबा चटकन म्हणाले, "उजनी पण ऐंशीचीच." खरंच, उजनीचं काम १९८० सालीच पुरं झालं.

पुलावरून एकीकडे खोल खाली हिरवी नदी दिसते आणि दुसरीकडे तळं. तळ्याच्या भिंतींवर मात्र पाण्याच्या वर पांढरा पट्टा. जिथवर पाणी होतं तिथवर चुन्याचा थर बसलेला, आणि त्याच्यावर मूळ लाल खडक. मधली रेघ पट्टी धरून ओढावी इतकी सरळ. सतरा मजली इमारत त्या पट्ट्यात उभी राहील. लेकीने विचारलं, हे रंगवलंय का. आबांना सांगायची गरज पडली नाही. ते कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो आमच्याकडच्या कुठल्याही माणसाने विचारला असता.

"मायनसमधी गेलंय का?"

उजनी मृतसाठ्यात गेली की सोलापूर जिल्ह्यात पेपर रोज आकडे छापतात, उणे वीस टक्के, उणे चाळीस टक्के. मी सांगितलं, अजून नाही. ३,४९० फुटांच्या खाली गेलं तर वीज बनवता येणार नाही, आणि ३,३७० च्या खाली धरणातून पाणी पुढे जाणारच नाही. आत्ता विजेच्या पातळीच्या चाळीस फूट वर आहे. आबांना फुटांचं गणित पुरेना, त्यांना टीएमसी (अब्ज घनफूट) हवे होते. नवऱ्याने फोनवर हिशेब करून दिला: भरलेलं पॉवेल साधारण १,०९५ टीएमसी. उजनी ११७. म्हणजे नऊ उजन्या मावतात, आणि त्या दिवशी होतं ते जेमतेम दोन उजन्यांएवढं. "दोन म्हणजे काय कमी न्हाय," आबा म्हणाले, "पर ज्यानं नऊ बघितल्यात त्याला दोन म्हंजे दुष्काळच."

दुसरा दिवस: कॅन्यनमधून

ग्लेन कॅन्यन राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्राची प्रवेश फी गाडीमागे ३० डॉलर होती, सात दिवस चालणारी. सकाळी आठला वाहवीप मरीनावर. वाळूच्या उतारावरून तरंगत्या धक्क्यापर्यंत बरंच चालत खाली जावं लागलं. पाणी उतरलेलं असताना प्रत्येक गोष्ट लांब जाते. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर बोट कंपनीला धक्क्यापर्यंत सोडणारी छोटी गाडी आहे का, ते आदल्या दिवशीच विचारा. आम्ही विचारलं होतं, आबा त्यातून आले.

बोट पाँटून घेतली. ॲल्युमिनियमच्या लांब नळकांड्यांवर सपाट मजला, चारी बाजूंनी कठडा, वर कापडी छत. वेग कमी, पण पाय ठेवताना डुलत नाही आणि आबांना खुर्चीत बसल्यासारखं बसता येतं. निघायच्या आधी तिथल्या मुलीने वीसेक मिनिटं सगळं समजावलं आणि ते लक्ष देऊन ऐकण्यासारखं होतं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना बोट चालू असताना लाइफ जॅकेट घालावंच लागतं. रेडिओवर सोळा नंबरचं चॅनेल मदतीसाठी. आणि इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कुणी बसायचं नाही, मागे पोहायचं नाही. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड पाण्यालगत साचतो, त्याला वास नसतो आणि माणूस भोवळ येऊन सरळ पाण्यात जातो. या तळ्यावर तशी माणसं गेलेली आहेत, त्यात लहान मुलंही. मी लेकीला समोर बसवून तिच्याकडून हे पुन्हा म्हणून घेतलं.

जॅकेट आम्ही चौघांनीही घातलं. आबा पट्टीचे पोहणारे, ते आधी नको म्हणाले. मी म्हटलं, "आबा, तुम्ही घातलं तर ती घालेल." मग घातलं. हे लिहिताना आठवतंय, पुढे २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उजनीत उलटली आणि सहा जण गेले. कळाशी आमच्याच तालुक्यातलं. पोहता येणं आणि वाऱ्यात खवळलेल्या थंड पाण्यात तरंगत राहणं या वेगळ्या गोष्टी आहेत. धरणाच्या पाण्यावर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट हवंच, मग ते उजनी असो, कोयना असो की पॉवेल.

पाणी जास्त असतं तेव्हा वाहवीपहून पूर्वेला जायला कॅसल रॉक कट नावाची चिंचोळी वाट असते, तिने बारा मैलांचा फेरा वाचतो. ती अर्थातच कोरडी होती. म्हणून आधी धरणाकडे, मग मुख्य कॅन्यनमधून वर. मला विचाराल तर आमचं नशीब, कारण ती वाट चालू असती तर आम्ही हा भाग टाळला असता.

कॅन्यनमध्ये शिरलं की दोन्ही भिंती जवळ येतात आणि आकाशाचा पट्टा उरतो. मैलाचे आकडे घातलेले तरंगते बोये धरणापासून अंतर सांगत जातात. नकाशा बघायची गरज नाही, बोयाचा आकडा लक्षात ठेवला की पुरे. मोठी बोट बाजूने गेली की तिच्या लाटा एका भिंतीवर आपटून दुसऱ्या भिंतीकडे येतात, तिथून परत, आणि मिनिटभराने चारी दिशांनी पाणी उसळायला लागतं. अशा वेळी वेग कमी करून लाटेला नाक तिरपं द्यायचं. नवऱ्याला हे जमायला तासभर लागला. आबा मागून सूचना देत होते आणि त्या बरोबर होत्या.

अँटिलोप कॅन्यनच्या तोंडाशी थोडं आत गेलो. जमिनीवरून लोक फोटो काढायला जातात तीच घळ पाण्याकडून अशी येऊन मिळते. इथे आकाश नीट बघूनच शिरावं, आणि डोक्यावरचंच नाही. १९९७ च्या ऑगस्टमध्ये लांब कुठेतरी पडलेल्या पावसाचा लोंढा या घळीतून आला आणि अकरा जण वाहून गेले. जुलै ते सप्टेंबर पावसाळी ढगांचा काळ, तेव्हा अरुंद घळींत न गेलेलं बरं. आमच्या वेळी निरभ्र होतं.

दुपारी नावाहो कॅन्यनमध्ये वाळूच्या एका पट्टीला बोट लावली. समोरच्या भिंतीवर वरून खाली काळे, तपकिरी, निळसर ओघळ उतरलेले. लोखंड आणि मँगनीजची ही लकाकी दगडावर चढायला हजारो वर्षं लागतात. पांढऱ्या पट्ट्याच्या वर ती जशीच्या तशी होती, पट्ट्यात मात्र पुसल्यासारखी.

धपाटे आणि शेंगा चटणी खाल्ली. लेक पाण्यात उतरली आणि लगेच ओरडली. खडकाला नखाएवढ्या शिंपल्या चिकटलेल्या, कडा ब्लेडसारख्या. हे क्वागा शिंपले. मूळचे युक्रेनकडचे, बोटींना चिकटून देशभर पसरले, मीडमध्ये २००७ साली आढळले आणि पॉवेलमध्ये २०१३ पासून वाढले. आता पाणी उतरल्यावर भिंतींवर त्यांचा वाळलेला थर दिसतो. तो हाताने खरवडला तर चुरचुर आवाज करत पडतो आणि खाली पांढरा दगड निघतो. तेव्हा पाण्यात चालायच्या चपला घालूनच उतरावं. आणि स्वतःची बोट किंवा फुगवायची कयाक असेल तर निघताना बुडाची बुचं काढून सगळं पाणी सोडायचं, पुसायचं, पुरती वाळवायची. हा नियम कंटाळवाणा वाटतो, पण एका बादलीभर पाण्यातून पुढचं तळं बिघडतं.

आबा काठाकाठाने चालत होते. पाणी हटलेल्या जागी गाळ होता, भेगाळलेला, त्यावर काटेरी झुडपं उगवलेली. त्यांनी ढेकूळ उचलून बोटांनी फोडलं. "इथं गाळपेर करत न्हाईत?" उजनीचं पाणी उतरलं की काठची माणसं त्या ओल्या गाळात पेरा करतात. मी म्हटलं, इथे कुणाला शेती करू देत नाहीत. "एवढी माती वाया," ते म्हणाले, आणि मग विचारलं, "गावं किती गेली ह्यात?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. आजच्या अर्थाने मोठी गावं गेली नाहीत. पण धरण व्हायच्या आधी, १९५७ पासून पुढची काही वर्षं, पुरातत्त्वाच्या लोकांनी घाईघाईने ही दरी पालथी घातली आणि दोन हजारांहून जास्त जागा नोंदवल्या: दगडी घरं, धान्याची कोठारं, खडकावरची चित्रं. प्युब्लो या मूळ रहिवासी लोकांचे पूर्वज इथे राहत, शेती करत. कितीतरी ठिकाणं पाण्याखाली गेली. आता पाणी हटतंय तसे जुने झरे, नैसर्गिक कमानी, काही घळी परत दिसायला लागल्या आहेत आणि त्यांत कॉटनवूडची झाडं पुन्हा धरलीत. आबा एवढंच म्हणाले, "पळसनाथाचं देऊळ बी असंच वर येतं." दुष्काळात उजनीच्या पाण्यातून ते जुनं देऊळ बाहेर येतं तेव्हा मुंबई-पुण्याहून लोक बघायला येतात. गावची माणसं येतात ती जरा वेगळ्या कारणाने.

चारला परत फिरलो, अंधाराच्या तासभर आधी धक्क्याला लागलो. भाड्याच्या बोटी रात्री चालवायच्या नसतात.

तिसरा दिवस: वारा

सकाळी अंदाज बघितला, दुपारी वारा सांगितला होता. पाँटून वाऱ्यात वाईट. सपाट आणि उंच असल्याने तिची बाजू शिडासारखी वारा धरते. बोट रद्द केली. ती कंपनी पैसे देणार नाही म्हणाली, वाऱ्याचं कारण त्यांच्या नियमात बसत नव्हतं. नुकसान झालं, तरी निर्णयाबद्दल आमच्यात दुमत नव्हतं. वाळवंटातल्या तळ्यावर सहल आखताना एक दिवस वाऱ्यासाठी मोकळा ठेवाच, आणि बोट घ्याल तेव्हा वाऱ्याबद्दलचा नियम आधी वाचा.

दिवस वाया गेला नाही. गाडीने लीज फेरीला गेलो, नदीच्या वाटेने धरणाच्या पंधरा मैल खाली. वाटेत नावाहो पूल लागतो, १९२९ सालचा, नदीपासून ४६७ फूट उंच. लीज फेरीला मात्र तीच कोलोरॅडो नदी सरळ काठाशी येते आणि हात घालता येतो.

बाकी कुठे इतकी साधी दिसणारी आणि इतकी भांडणाची जागा असेल असं वाटत नाही. २४ नोव्हेंबर १९२२ ला झालेल्या कराराने कोलोरॅडोच्या खोऱ्याचे वरचं आणि खालचं असे दोन भाग केले, त्यांची हद्द इथे. दोघांना वर्षाला ७५ लाख एकर-फूट प्रत्येकी, आपल्या भाषेत साधारण ३२७ टीएमसी. आम्ही उभे होतो तेव्हा त्या कराराला शंभर वर्षं व्हायला दीड महिना राहिला होता. घोळ असा की ज्या वर्षांच्या मोजमापावर वाटणी केली ती वर्षं भरपूर पाण्याची होती. नदीत कागदावर आहे तेवढं पाणी सहसा येतच नाही. आणि नदीकाठच्या मूळ रहिवासी जमातींना त्या वेळी विचारलंही नव्हतं. नऊ उजन्यांचं तळं दोन उजन्यांवर आलं त्याची कारणं दोन: लांबलेला कोरडा काळ, वाढत्या उष्णतेने घटलेलं पाणी हे एक, आणि ही मुळातली वाटणी हे दुसरं.

आबांनी लगेच बच्छावत लवाद काढला. कृष्णा खोऱ्यात महाराष्ट्राला ५६० टीएमसी, हा आकडा त्यांना घरच्या सातबाऱ्यासारखा पाठ. मग अर्धा तास नवरा आणि आबा दगडावर बसून कोण वरचा, कोण खालचा, कोणी किती धरणं बांधली याची तुलना करत होते. माझा नवरा नागपूरचा, त्याला कृष्णेचं हे राजकारण आबांकडूनच पहिल्यांदा नीट कळलं.

पाण्यात हात घातला तर ते बेताचंच गार होतं. एरवी इथे धरणाच्या खोलातलं बर्फासारखं पाणी येतं आणि त्यावर ट्राउट मासा जगतो. पण तळं उतरल्यामुळे वीजघराला पाणी नेणारी तोंडं वरच्या कोमट थराजवळ आली होती. त्या उन्हाळ्यात कोमट पाण्यातले स्मॉलमाउथ बास धरणातून खाली उतरून पिल्लं घालायला लागल्याचं आढळलं होतं. ते खालच्या मूळ माशांना खातात. पातळीचा आकडा बोटिंगच्या पलीकडे किती लांब पोचतो ते इथे कळतं.

वारा दुपारी दोनला आला. वाळू उडून समोरचा डोंगर दिसेना. तळ्यावर काय असेल याची कल्पना करत आम्ही गाडीत बसून राहिलो.

चौथा दिवस: पाद्रे बे

वारा रात्रीतून पडला. साडेसहाला उजाडलं आणि आठला आम्ही बोटीत.

रेनबो ब्रिजला जायचं का, यावर आदल्या रात्री चर्चा झाली. २९० फूट उंच नैसर्गिक दगडी पूल, नावाहो आणि इतर जमातींचं पवित्र स्थान, १९१० पासून राष्ट्रीय स्मारक. पण जाऊन येऊन शंभर मैल. मध्ये डँगलिंग रोप नावाचं पाण्यावरचं पेट्रोल भरायचं ठिकाण होतं, ते बंद पडलेलं. पाँटूनच्या टाकीवर हे धाडस करायचं नाही असं ठरलं. लेक खट्टू झाली. तिला पुढे बसून बोयांचे आकडे मोठ्याने वाचायचं काम दिलं.

अँटिलोप पॉइंट मागे टाकून, नावाहो कॅन्यनचं तोंड ओलांडून, आणखी पुढे. मग भिंती एकदम दूर जातात आणि पाद्रे बे उघडतं. चार दिवसांतला हा सगळ्यात मोठा क्षण होता. गनसाइट बट नावाचा सुळका, मागे यूटातला दहा हजार फुटांहून उंच नावाहो माउंटन, आणि मधे वाऱ्याचा लवलेश नसलेलं पाणी. इतक्या उघड्या जागेत गोड्या पाण्याचा एवढा विस्तार मी दुसरीकडे पाहिलेला नाही. इंजिन बंद केलं, कुणी काही बोललं नाही.

नाव पाद्रे का, तर १७७६ च्या नोव्हेंबरात डोमिंगेझ आणि एस्कलांते हे दोन स्पॅनिश पाद्री सांता फेला परत जाताना नदी ओलांडायला जागा शोधत इथे आले. उपासमार झालेली, काही घोडे मारून खाल्लेले. जनावरं उतरवायला खडकात पायऱ्या खोदल्या आणि नदी पार केली. ती जागा आता याच पाण्याखाली आहे.

आबा म्हणाले, मला उतरायचंय. खोल नसलेल्या जागी वाळूला बोट लावली, इंजिन बंद, किल्ली काढून खिशात. लाइफ जॅकेटसकट ते छातीभर पाण्यात गेले, पाठीवर पडले, हात पसरले. ७४ वर्षांचा माणूस अर्धा तास तसा तरंगत होता. लेक त्यांच्याभोवती गोल गोल. परत आल्यावर अंग पुसताना म्हणाले, "गोडं हाय पाणी. मऊ." थोड्या वेळाने, "आपल्याकडं हिवाळ्यात भिगवणला बोटी निघत्यात, रोहित बघायला. पुढल्या वर्षी तू ये, मी नेतो." आमच्या घरात जुन्या गावाचा विषय निघाला की आबा सहसा उठून जातात. त्या दिवशी मात्र परतीच्या वाटेवर ते लेकीला सांगत होते, जुन्या वाड्याची ओसरी कुठे होती, भीमेचा घाट किती पायऱ्यांचा. ती एकेक बोया मोजत ऐकत होती.

पाचवा दिवस: परत

सकाळी निघालो. गाडीत आबांनी हिशेब मांडला: पॉवेलमधून सोडलेलं पाणी ग्रँड कॅन्यनमधून मीडमध्ये, तिथून मोहावी, मग हवासू, तिथून उपसून कालव्याने फिनिक्स. "म्हंजे काल मी ज्यात पोहलो ते तुमच्या नळाला येणार." हो, यायला वेळ लागेल, पण येणार. फिनिक्सच्या उत्तरेला हमरस्ता तो कालवा ओलांडतो. मी सांगेपर्यंत तो मागे पडला होता, म्हणून पुढच्या उतारावरून बाहेर पडून आबांना परत दाखवायला आणलं. सिमेंटचा, काठोकाठ वाहणारा, दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण. आबांनी तारेतून पाण्याचा वेग नजरेने मोजला आणि विचारलं, शेतीला किती आणि शहराला किती.

नंतरचं थोडं सांगते, कारण कुणी ही निवड करायला बसलं तर उपयोगी पडेल. पुढच्या हिवाळ्यात रॉकीजमध्ये प्रचंड बर्फ पडलं आणि २०२३ च्या उन्हाळ्यात पॉवेल साठ फुटांहून जास्त चढलं. आम्ही जिथे धपाटे खाल्ले ती वाळूची पट्टी पाण्याखाली गेली आणि कॅसल रॉकची वाट बोटींना मोकळी झाली. त्यामुळे माझं हे वर्णन वाचून कुणी तसंच्या तसं निघू नये. ब्युरो ऑफ रेक्लमेशन हे धरणं सांभाळणारं सरकारी खातं रोजची पातळी जाहीर करतं आणि कोणता रॅम्प कोणत्या फुटांपर्यंत चालतो ते राष्ट्रीय उद्यान सेवा सांगते. हे दोन आकडे शेजारी ठेवून तळं निवडा. पॉवेल बरंच खाली असेल आणि स्वतःची बोट असेल तर मोहावीला जा. मरीनातून बोट घेणार असाल तर पॉवेल कमी पाण्यातही बघण्यासारखं आहे. रेनबो ब्रिजला जायचंच असेल तर वाटेत इंधन मिळतंय का ते विचारून मगच आरक्षण करा.

आबा जानेवारीत परत गेले, त्याआधी एका शनिवारी आम्ही त्यांना मोहावीलाही नेलं.